परमिट रूम

महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांत ‘परमिट रूम’ ही पाटी कशावर असते ते सांगायला नको. आमच्या वर्धा जिल्ह्यात ती पाटी नाही. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून इथे 1975 पासून दारूबंदी आहे. (ती कितपत आहे, यावर लिहिणाऱ्याने आधी स्वतः शुद्धीत असल्याचं प्रमाणपत्र जोडावं.) त्यामुळे अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त होईपर्यंत ‘परमिट’ या शब्दाशी माझा काही संबंध आला नव्हता. मग घर बांधायला काढलं आणि कळलं, की परमिट रूम आपल्याकडेही आहे. तिच्या दारावर ‘बांधकाम विभाग’ असं लिहिलेलं असतं. माणूस आत जाताना सरळ चालत जातो आणि बाहेर येताना जिन्याच्या कठड्याला धरून उतरतो, यावरून ती ओळखायची.

कोणत्या गावची, ते सांगत नाही. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) अशा सहा नगर परिषदा जिल्ह्यात आहेत. शिवाय सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी या चार नगर पंचायती. या दहांपैकी एक. माझं भोगवटा प्रमाणपत्र अजून यायचं आहे, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

प्लॉट तीस बाय चौपन्नचा. घेतला तेव्हा चारी बाजूंनी वावर होतं. आता तीन बाजूंनी घरं झाली आणि मागे एकच तुरीचं वावर उरलं. इंजिनिअर आमचाच जुना विद्यार्थी निघाला. दहावीला गणितात त्याला छत्तीस मार्क होते. आता तो माझ्या फीचा हिशोब करतो आणि मी मान हलवतो.

“सर, तुम्ही काही टेन्शनच घेऊ नका,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला. “आता सगळ्या महाराष्ट्राले एकच नियमावली आहे. यूडीसीपीआर.”

मुंबई आणि आणखी थोडे अपवाद सोडले तर साऱ्या राज्याला लागू होणारी ही ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली’ 2020 च्या डिसेंबरात आली. नावात नियंत्रणही आहे आणि प्रोत्साहनही आहे. आमच्या शाळेत ही दोन कामं मुख्याध्यापक आणि पीटीचे सर वाटून घेत. तर या नियमावलीत बांधकामांची जोखमीप्रमाणे वर्गवारी केली आहे. भूखंड 150 चौरस मीटरपर्यंत असला, की बांधकाम ‘कमी जोखमीचं’. इंजिनिअरने प्रमाणित केलेला नकाशा आणि कागद दाखल करायचे, पैसे भरायचे आणि घरी यायचं. वेगळी परवानगी नाही. पैसे भरल्याची पावती हीच परवानगी.

हे शेवटचं वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. पावती हीच परवानगी! इतकं प्रामाणिक वाक्य सरकारी कागदात मी तोवर वाचलं नव्हतं. गणपतीच्या वर्गणीपासून आपण हेच तर करत आलो. पावती हातात पडली, की पोरं पुढच्या घरी जातात आणि आपल्याला आपल्याच घरात राहायची मुभा मिळते.

“मग माझं झालंच,” मी म्हणालो.

इंजिनिअरने खिशातून मोबाइल काढला. तीस बाय चौपन्न म्हणजे 1620 चौरस फूट. त्याचे चौरस मीटर केले. 150.5.

“सर, अर्ध्यानं हुकलं.”

अर्ध्या चौरस मीटरने मी कमी जोखमीतून मध्यम जोखमीत गेलो. अडतीस वर्षांत मी कोणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही, त्याची ही परतफेड. आणि तीही ज्याला दिला नाही त्याच्याच तोंडून. अर्धा चौरस मीटर म्हणजे साडेपाच चौरस फूट. आमचं तुळशीवृंदावन तेवढ्या जागेत बसतं. घरी आल्यावर हिला सांगितलं, तर ही म्हणाली, “मग अर्धा मीटर शेजाऱ्यांना देऊन टाका. एवीतेवी त्यांचा संडासाचा पाइप तेवढा आत आलाच आहे.”

मध्यम जोखीम 150 ते 300 चौरस मीटरपर्यंत. तिथे परवानगी दहा दिवसांत द्यायची, असं नियम सांगतो. हिने लगेच कालनिर्णयवर दहा दिवसांनंतरच्या तारखेला गोल केला. त्या महिन्यात त्या गोलाला फार सोबत मिळाली.

कारण दहा दिवस मोजायला लागायच्या आधीचे दिवस कोणी मोजत नाही. खरेदीखत, आखीव पत्रिका, एनएचा आदेश, लेआउटचा मंजूर नकाशा, रिकाम्या प्लॉटवर भरलेल्या कराची पावती आणि मोजणीची ‘क’ प्रत. यातली मोजणी भूमी अभिलेखवाल्यांकडून करून घ्यायची. मी गेलो तेव्हा मोजणीचे चार प्रकार होते. साधी, तातडीची, अतितातडीची आणि अति-अतितातडीची. प्रत्येक ‘अति’चे वेगळे पैसे. शेजारच्या वर्गात मराठी शिकवणारे आमचे मित्र जन्मभर पोरांना सांगत, की क्रियाविशेषण काढून टाकलं तरी वाक्याचं काही बिघडत नाही. त्यांनी मोजणीचा अर्ज भरलेला नसावा. 2024 च्या डिसेंबरपासून हे चार प्रकार जाऊन ‘नियमित’ आणि ‘द्रुतगती’ असे दोनच उरले. सोय झाली असेल. पण ‘अति-अति’ गेल्याची मला रुखरुख आहे. माणसाच्या घाईला इतका मान दुसरं कोणतं खातं देत होतं?

मी साधी भरली. साधी म्हणजे काय, तर मागच्या वावरात तूर पेरली तेव्हा अर्ज केला. तूर सोंगून झाली आणि मोजणीदार आले.

मग नकाशा. आमच्या तरुणपणी नकाशा म्हणजे अमोनियाचा उग्र वास येणारा निळा कागद, सहा प्रतींत. फाइल टेबलावर आली, की नाकाला आधी कळायचं. आता सगळं ऑनलाइन आहे. ‘बीपीएमएस’ म्हणतात त्याला. नकाशा संगणकात टाकायचा. भिंत भिंतीच्या थरात, जिना जिन्याच्या थरात. रंगही ठरलेले. पाडायचं काम पिवळ्यात, नवं प्रस्तावित काम लालमध्ये. इंजिनिअरने पडद्यावर आमचं घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, देवघर, वर जाणारा जिना, सगळं लालेलाल. लाल रंगाने काढलेलं बरोबर असतं, हे मला सेवानिवृत्तीनंतर प्रथमच कळलं.

दहावा दिवस उजाडला. परवानगी आली नाही, क्वेरी आली. शुद्ध मराठीत हिला ‘त्रुटी’ म्हणतात, पण त्रुटी एकदा पूर्ण केली की संपते. क्वेरीला वंश असतो. पहिली क्वेरी अशी, की खरेदीखतात माझ्या वडिलांच्या नावापुढे ‘राव’ आहे आणि आखीव पत्रिकेत नाही. दोन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं. माझे वडील कापूस जिनिंगमध्ये मुनीम होते. जन्मभर त्यांना कोणी राव म्हटलं नाही. खरेदीखत लिहिणाऱ्याने चांगुलपणाने त्यांना तेवढी एक पदवी दिली होती, ती मी नोटरीसमोर उभा राहून काढून घेतली. दुसरी क्वेरी उत्तर दिशेच्या बाणाबद्दल होती. तिसरी आली तेव्हा इंजिनिअर म्हणाला, “सर, ही आपली नव्हे. दुसऱ्याची चुकून आपल्याले लागली.” तरी तिचं उत्तर द्यावंच लागलं.

आमचे एक वकील मित्र आहेत. संध्याकाळी फिरायला सोबत असतात आणि चालता चालता कलमं टाकतात. ते म्हणाले, “घाबरता कशाला? 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम 45 वाचा. नकाशा नियमात असेल आणि 60 दिवसांत होय-नाही काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. मानीव परवानगी.”

मानलेला भाऊ, मानलेली बहीण, तशी ही मानलेली परवानगी. तिला राखी बांधता येते, पण तिच्यावर बँक कर्ज देत नाही. शिवाय कार्यालयालाही साठपर्यंत अंक येतात. एकोणसाठाव्या दिवशी एक नवी क्वेरी आली, की साठ पुन्हा एकपासून.

याच सुमारास माझा भाचा अमेरिकेतून आला. तिकडे टेक्सासमध्ये तो सिव्हिल इंजिनिअर आहे. रस्ते, गटारं, पाण्याचा उतार असल्या कामांचे नकाशे करून तो सिटीकडे पाठवतो. मी माझं रडगाणं लावलं तेव्हा त्याने खांदे उडवले.

“मामा, आमच्याकडे कितीतरी गावांत नकाशा तपासायची फी पहिल्या दोन फेऱ्यांपुरती असते. तिसऱ्यांदा दुरुस्त करून पाठवला, की पुढे तासाप्रमाणे बिल. कधी कधी सिटी बाहेरचा इंजिनिअर लावते आणि त्याचंही बिल आपल्याकडेच येतं.”

तिसऱ्यांदा तीच चूक करणाऱ्याकडून जास्त पैसे घ्यावेत, हे शिक्षक म्हणून मला मनापासून पटलं. शाळेत लावता आलं असतं तर आज बंगला असता. पण आमच्याकडे तासाचा दर लावायचा तर मोजायचं काय? माझी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तीन आठवडे लागले आणि उघडून पाहायला सात मिनिटं. (मी समोर बसून घड्याळ लावलं होतं, परीक्षेच्या पर्यवेक्षणाची सवय.) सात मिनिटांचे असे किती होणार? उलट बाहेरच्या बाकावर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकत मी जे तास काढले, त्यांना कोणी अमेरिकन दर लावला, तर पालिकाच मला देणं लागेल. भाच्याला हा मुद्दा कळला नाही. त्याच्या गावी साहेब मीटिंगमध्ये असले तर मीटिंग खरोखर चालू असते.

शेवटी एकदाचं चलान निघालं. माणसाची कुंडली असते तसं हे घराचं चलान. घर उभं राहायच्या आधी त्यात सगळं लिहिलेलं.

पहिलं घर छाननी शुल्काचं. छाननी म्हणजे चाळणं. पुढे कामावर मिस्त्रीची माणसं रेती चाळताना पाहिली. उभी जाळी लावून फावड्याने रेती मारतात, गोटे अलीकडे पडतात, बारीक पलीकडे. नकाशाच्या छाननीत अलीकडे नेमकं काय पडलं, ते मात्र कोणी दाखवलं नाही.

मग विकास शुल्क. हे त्याच 1966 च्या कायद्यात 1992 साली घातलेलं प्रकरण आहे. जमिनीच्या विकासाला रेडी रेकनरमधल्या दराच्या अर्धा टक्का आणि राहण्याच्या बांधकामाला 2 टक्के. गंमत अशी, की बांधकामाचा आकारही जमिनीच्याच दरावरून निघतो. समजा, तुमच्या भागात जमिनीचा दर चौरस मीटरला 5,000 रुपये आहे. (खरा दर सांगितला तर गाव ओळखू येईल.) 150 चौरस मीटर जमिनीची किंमत साडेसात लाख, तिचा अर्धा टक्का 3,750 रुपये. त्यावर 160 चौरस मीटर बांधकाम असेल तर आठ लाखांवर 2 टक्के, म्हणजे 16,000. एकूण 19,750. गणित सोपं आहे, छत्तीस मार्कांत बसतं. मला न सुटलेला भाग पुढे आहे. जमीन माझी, सिमेंट माझं, मिस्त्री माझा, कर्ज तर शंभर टक्के माझं. आणि एवढा सगळा विकास मी केला, म्हणून शुल्कही माझ्याकडेच.

याच ठिकाणी घरात एक प्रसंग घडला. समोरच्या बाजूला दहा बाय दहाची खोली काढून तिथे झेरॉक्सचं दुकान टाकावं, असं हिच्या मनात होतं. इंजिनिअर म्हणाला, “काकू, शटर लागलं की वापर वाणिज्य झाला. तेवढ्या भागाले शुल्क दुप्पट.”

“मग शटर नको. साधं दार लाव.”

“दारातून दुकान चाललं तरी ते दुकानच न.”

“असं आहे काय?” ही म्हणाली. “मी पंचवीस वर्षं मागच्या खोलीत बसून लोकांचे ब्लाउज शिवून राहिली. मग माझे किती थकले ते काढ बरं एकदा.”

इंजिनिअरने चहा संपवला आणि नकाशातलं दुकान पुसलं.

तिसरी नोंद कामगार उपकराची. तेव्हा लागू असलेल्या 1996 च्या कायद्याप्रमाणे बांधकाम खर्चाच्या 1 टक्का. स्वतःला राहण्यापुरतं घर दहा लाखांच्या आत होत असेल तर तेव्हा हा लागत नसे. मी आनंदाने माझी डायरी काढली. त्यात मी लोखंडापासून कडी-कोयंड्यापर्यंत खर्च मांडून तो कसाबसा आत बसवला होता. पण खर्च माझ्या डायरीवरून धरत नाहीत. सरकारचा बांधकामाचा स्वतःचा दर असतो. त्या दराने माझं घर दहा लाखांच्या बरंच पुढे गेलं. माझ्या घराकडून माझ्यापेक्षा शासनाला अधिक आशा होती. (पुढे खर्च शासनाच्या आकड्यालाही ओलांडून गेला. तो आता मी कोणाला सांगत नाही.)

आणि अनामत. अनामत म्हणजे काम झाल्यावर परत मिळणारी रक्कम. पण आपल्याकडे या शब्दाच्या मागे एकच क्रियापद येतं, ते निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी पेपरात छापतात. मी आजवर एकही निवडणूक लढवलेली नाही, तरी पराभूत उमेदवाराची भावना मला चलानाच्या खिडकीपाशी आली.

लोकांना वाटतं, हे सगळं इंग्रजांनी आणलं. तसं काही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तूवर अख्खा भाग आहे. शेजाऱ्याच्या भिंतीपासून मोरीचं पाणी किती अंतरावरून न्यायचं, तेही त्यात आहे आणि न पाळणाऱ्याला 54 पण दंडही आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या पाइपाचे तेव्हा 54 पण झाले असते. ही माहिती मी त्यांच्यापर्यंत पोचवली. त्यांनी विचारलं, “पण म्हणजे आजचे किती?” मी विकास शुल्काच्या हिशोबात गुंतलो असल्याने तो विषय तिथेच राहिला.

खरी मजा परवानगी न मागणाऱ्यांची आहे. गल्लीच्या टोकाला एका गृहस्थांनी कोणाला न विचारता दोन मजले चढवले. आम्ही सगळे रोज पाहत होतो, की आता नोटीस येईल. नोटीस आली. पाठोपाठ मार्गही आला: प्रशमन शुल्क. 2017 साली ‘प्रशमित संरचनां’चे नियम झाले आणि 2015 च्या अखेरपर्यंतच्या बांधकामांना ठरलेल्या अटींवर शांत होण्याची सोय झाली. तशीच सोय देणारा गुंठेवारीचा कायदा 2001 चा. त्यातली मुदत 2021 साली वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. प्रशमन हा वैद्यांचा शब्द. पित्ताचं करतात. कायद्याला पित्त होतं, डोकं चढतं, मग चलानाचं चाटण दिलं की उतरतं. ते गृहस्थ वरच्या गच्चीत उभे राहून माझ्या रिकाम्या प्लॉटकडे पाहत आणि प्रेमाने विचारत, “गुरुजी, झाली का परमिशन?”

जुन्या वस्तीतल्या आमच्या एका मित्राची तऱ्हा निराळी. त्याचं घर नझूलच्या जागेवर. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा शब्द सांगावा लागेल. नझूल म्हणजे गावातली सरकारी मालकीची, पट्ट्याने दिलेली जमीन. तीन पिढ्या त्याच घरात जन्मल्या, तिथेच वारल्या. पण जमिनीचा पट्टा तीस वर्षांचा. न्हाणीघराची भिंत हलवायची तरी आधी नझूलची एनओसी. 2024 साली सरकारने नागपूर-अमरावती विभागांतल्या अशा जमिनींसाठी विशेष अभय योजना आणली. आमच्याच जिल्ह्यातल्या बोर अभयारण्यात सांबरांना जे फुकट मिळतं, ते माझ्या मित्राला चलान भरून मिळणार.

आणि रस्ता ओलांडला की ग्रामपंचायत. वर्धा शहर 1866 साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी चांगलं आखून-मोजून बसवलेलं आहे. त्याच्या भोवती सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे), उमरी (मेघे), पिपरी (मेघे). जिथे आखलेलं वर्धा संपतं, तिथे कंस सुरू होतो. अलीकडच्या घराला नगर परिषदेचा नकाशा, पलीकडच्याला ग्रामपंचायतीचा कागद; मिस्त्री तोच, रेती तीच, डास तर अगदी तेच, ते हद्द पाळत नाहीत.

भाच्याला जायच्या आधी सेवाग्राम दाखवायचं होतं. इंजिनिअरही सोबत आला, गाडी त्याचीच होती. आश्रमात शिरल्यावर भाचा हात मागे बांधून शांतपणे फिरला. आमच्या इंजिनिअरला मात्र धंद्याची खोड. बापू कुटीच्या पडवीत उभा राहून तो कुडाच्या भिंतींकडे, बांबूंकडे, कवेलूंकडे नुसता पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, “सर, हे आज टाकायचं झालं तं लय क्वेऱ्या निघतील.”

आम्ही तिथल्या झाडाखाली बसून त्या काढल्या. गांधीजी 1936 साली इथे आले तेव्हा गावाचं नाव सेगाव. पत्रं शेगावला जायला लागली म्हणून 1940 साली ते सेवाग्राम केलं. म्हणजे जुन्या कागदावर एक गाव, नव्या कागदावर दुसरं. पहिली क्वेरी. आधी आदि निवास बांधलं. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबहेनसाठी बांधलेली. म्हणजे अर्जदार एक, राहणारा दुसरा, वर गरजेप्रमाणे वाढवलेलं बांधकाम. क्वेरी दोन आणि तीन. भिंतीचं साहित्य माती. मातीला कोणत्या थरात टाकायचं, ते इंजिनिअरला सांगता येईना. वर आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि साप ठेवायची पेटी आहे. साप पकडून लांब सोडून देत. ती ठेवायची जागा नकाशात काय दाखवायची? स्टोअर? आणि व्हाइसरॉयने लावून दिलेला फोन. देशाचा कारभार इथून चालला म्हणजे कार्यालय आलं. कार्यालय म्हणजे निवासी वापर नाही.

“जोखीम कोणती धरायची?” मी विचारलं.

इंजिनिअरने बराच विचार केला. “इंग्रजांच्या हिशोबानं हाय रिस्क, सर.”

त्याला अर्धा मार्क मी तिथेच वाढवून दिला.

परवानगी त्याच महिन्यात आली. मोबाइलवर आली, त्यामुळे पेढे कोणाला द्यायचे ते कळलं नाही. मी तिची रंगीत प्रत काढून, प्लास्टिकमध्ये घालून, पायाच्या खड्ड्याशेजारी खांबाला बांधली. मिस्त्रीने तिला हळदकुंकू लावलं. जोत्यापर्यंत काम आल्यावर जोत्याचं प्रमाणपत्र झालं, स्लॅब पडला, पावसाळा येऊन गेला, शेजाऱ्यांचा पाइप साडेचार इंच मागे सरकला.

मिस्त्री आमचा सेलूकडचा. कामाला चोख, बोलायला कमी. प्लास्टर चाललं होतं तेव्हा एका दुपारी तो डबा खाऊन माझ्यासमोर उकिडवा बसला.

“गुरुजी, तुम्ही तो लेबरचा पैसा भरला म्हणते, खरं काय?”

“हाव. एक टक्का.”

“तो कोणाले भेटते?”

मी त्याला सांगितलं, की इमारत व इतर बांधकाम कामगारांचं एक कल्याणकारी मंडळ आहे, पैसा तिकडे जातो. नोंदणी झालेल्या कामगाराला त्यातून पोराच्या शिक्षणाला, आजारपणाला, असं मिळतं.

“मंग मले काहून नाही भेटत?”

“तुझी नोंदणी नसेल.”

“तेच तं. गेल्तो मी. ते म्हणे, वर्षातून नव्वद दिवस काम केल्याचं सर्टिफिकेट पाह्यजे. तुमच्याकडं मी कितीक दिवस झालो पाहा बरं. लिहून देता काय?”

देणारच होतो. त्याने ही भिंत आमच्या डोळ्यांसमोर उभी केली होती. मी आतून पॅड आणलं, पेन काढलं, चष्मा लावला. त्याचं नाव विचारलं. मग आधार कार्ड मागितलं. आधारवर नाव जरा वेगळं होतं. वडिलांच्या नावापुढे ‘जी’ लागलेलं. मी थांबलो. कामाच्या सुरुवातीची तारीख माझ्या डायरीत होती, पण मधले सणाचे आणि पावसाचे खाडे त्यात धरायचे की वजा करायचे, हे कुठे स्पष्ट नव्हतं. मी मोजले तेव्हा दिवस साडेएकोणनव्वद भरले. एका शनिवारी तो अर्धा दिवस आला होता.

“असं कर,” मी म्हणालो, “तू साधा एक अर्ज आण. दोन प्रतीत. आणि उद्या नको, परवा ये. उद्या मी जरा कामात आहे.”

मिस्त्री उठला, मुंडासं बांधलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरला.

स्वयंपाकघराच्या बिनदाराच्या चौकटीतून ही पाहत होती. हातातलं भांडं खाली ठेवून तिने विचारलं, “फी किती ठेवली?”